बहिणीचा वाटा: ऐकीव कायदा आणि खरा कायदा

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज गेला की गावात कायद्याचे जाणकार उगवायला वेळ लागत नाही. ‘लग्न झालेल्या पोरीला माहेरात काही नसतं.’ ‘आता नव्या कायद्यानं बापाच्या सगळ्यातच निम्मं.’ ‘सातबाऱ्यावर नाव नाही ना, मग विषय मिटला.’ तिन्ही विधाने चूक आहेत. त्यातही ज्याच्या ताब्यात जमीन असते, त्याच्या सोयीचा गैरसमज जास्त वर्षे टिकतो.

संपत्तीची न्याय्य वाटणी म्हटले की आपल्याला कुळकायदा आणि सीलिंगचा कायदा आठवतो. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कूळ मालक झाले, १९६१ च्या कायद्याने जमीनधारणेवर मर्यादा आली. पण जमीन वाड्यातून झोपडीत गेली तरी उताऱ्यावर नाव बहुतेक ठिकाणी पुरुषाचेच चढले. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. घरातल्या घरात वाटणी बदलणारा कायदा वेगळा आहे आणि तो फारसा कोणी वाचलेला नाही.

‘मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला’

अर्धवट खरे. सुरुवात १९३७ मध्ये झाली. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी केंद्रीय कायदेमंडळात आणलेल्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. विकायची मुभा जवळजवळ नव्हती. मुलीला तर तेव्हा काहीच मिळाले नाही. हिंदू कोड बिलात डॉ. आंबेडकरांनी मुलीचा वाटा मुलाइतका धरला होता. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. बाईची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली, मुलगी वडिलांची वारस झाली. मात्र वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सा फक्त मुलग्यांनाच राहिला.

‘वारस’ आणि ‘जन्मापासून हिस्सेदार’ यांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो. शेतात उभे राहिले की तो कळतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या लेखणीतून, गुरुपाद मगदूम खटल्याचा निकाल दिला. वडील वारलेले, मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. हिशोब सोपा व्हावा म्हणून जमीन २४ एकर धरू. आधी वडील हयात असल्यासारखी वाटणी कल्पायची. तीत वडील, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से, प्रत्येकी ६ एकर. मुलींना या वाटणीत जागाच नाही. मग वडिलांचे ६ एकर आई, मुलगे आणि मुली अशा सहा जणांत समान वाटायचे, म्हणजे एकेक एकर. शेवटी मुलग्याला ७ एकर, आईला ७ आणि मुलीला १. तेच कुटुंब आजच्या कायद्यात बसवले तर पहिल्या वाटणीतच मुलीही येतात आणि अखेरीस सहाही जणांना प्रत्येकी ४ एकर मिळतात. एका एकराचे चार एकर, हा या कायदाबदलाचा खरा अर्थ.

महाराष्ट्राने हा बदल दिल्लीच्या अकरा वर्षे आधी केला, हे मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसते. २२ जून १९९४ पासून राज्याच्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली. अट एकच, पण जाचक होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींत मे महिन्यात लग्न झालेली बाहेर आणि दिवाळीनंतर झालेली आत. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. आज मुलीचे लग्न कधी झाले याने हक्कात काडीचा फरक पडत नाही.

‘वडील २००५ च्या आधी वारले, म्हणजे संपले’

हा गैरसमज काही काळ खुद्द न्यायालयाच्या निकालावर उभा होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की दुरुस्तीच्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात हवेत. २०१८ च्या एका निकालात वेगळा सूर निघाला आणि खालच्या न्यायालयांची पंचाईत झाली. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा खटल्यात गुंता सोडवला: हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील जिवंत असण्याची गरज नाही. तरीही वकिलाच्या वऱ्हांड्यात जुना निकाल सांगणारे आजही भेटतात.

याला मर्यादा आहेत आणि त्याही सांगितल्या पाहिजेत. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेली वाटणी, किंवा तेव्हा झालेली विक्री, उकरता येत नाही. ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती’ हा बचाव मात्र सहजी चालत नाही. तोंडी वाटणीला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. आणि वडील १९५६ च्या आधीच वारले असतील तर गणित जुन्या कायद्याने सुटते.

‘बापाच्या सगळ्यात मुलीचा वाटा असतोच’

हा गैरसमज मुलींच्या बाजूचा. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट, स्वतः विकत घेतलेली जमीन, बँकेतली ठेव ही स्वकष्टार्जित मालमत्ता. ती मृत्युपत्राने ते कोणालाही देऊ शकतात. मग मुलगी तर सोडाच, मुलगाही हक्काने मागू शकत नाही. मृत्युपत्र नसेल तर मात्र आई, पत्नी, मुलगे, मुली सारखे वारस. (मुलगा आईवडिलांच्या आधी गेला तर त्याच्या मालमत्तेत आईला वाटा मिळतो, वडिलांना नाही. ही तरतूद ऐकून अनेक वडील चकित होतात.) ‘लग्नात दिलं ते वाट्यातून वजा’ हेही कायद्यात कुठे नाही. लग्नाचा खर्च हे वाटणीतले देणे नव्हे, आणि हुंडा तर १९६१ पासून गुन्हाच आहे.

सातबाऱ्याचे म्हणाल तर तो महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी धरतात, पण तिने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने ती जातही नाही. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून तिथे आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकवून ठेवण्याची रीतही जुनीच. २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली. आपले नाव कुठल्या रकान्यात आहे ते उतारा काढून पाहावे.

‘सही दिली की संपलं’ हे हक्कसोड पत्राबाबत नोंदणीकृत दस्त असेल तर बहुतांशी खरे आहे, म्हणून तर ती सही जपून द्यायची. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केलेला कागद स्थावर मालमत्तेचा हक्क सोडायला पुरत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर ‘पुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेतात, त्यालाही सहसा किंमत नसते. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडणार कसा? कर्जाचे कागद म्हणून फसवून सही घेतली असेल, तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावता येतो.

‘बहिणींना दिले तर जमिनीचे तुकडे होतील’ हा युक्तिवाद मला कधी पटलेला नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि जमिनीचे तुकडे तेव्हापासून भावाभावांनीच पाडले. एकत्र वहिवाट ठेवून बहिणीला सातबाऱ्यावर हिस्सेदार करता येते. त्याने बांध पडत नाही.

बायकोच्या बाबतीत एक सरमिसळ नेहमी होते. नवऱ्याच्या मालमत्तेत पत्नीचा आपोआप निम्मा वाटा असतो, असे सावंतवाडीपलीकडचे नातलग सांगतात. त्यांचे बरोबर आहे, कारण गोव्यात पोर्तुगीज काळापासून पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि मुलांचा वाटा मृत्युपत्राने पूर्ण बुडवता येत नाही. सीमेच्या अलीकडे तसे नाही. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेकडो गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, ती आपखुशीने; कायद्याने ते भाग नव्हते.

हिंदू उत्तराधिकार कायदा हिंदूंसह बौद्ध, जैन आणि शिखांना लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे वारसा नियम निराळे. अनुसूचित जमातींना तो लागू नाही, म्हणजे नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतल्या आदिवासी लेकीला वरचे बरेचसे गणित उपयोगाचे नाही. हा मोठा खड्डा आहे.

दुसरा खड्डा कलम १५ चा. बाई मूलबाळ आणि नवरा मागे न ठेवता, मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने हाकललेली, माहेरी राहून नोकरी केलेली एक स्त्री वारली, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची पुंजी याच कलमानुसार नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. २००५ च्या दुरुस्तीने या कलमाला हात लावला नाही. ते बदलायला हवे, पण संसद बदलेपर्यंत कमावत्या बाईने थांबू नये. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.