शाळा आपली कधी वाटते?

शाळा आपली वाटणं म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करू. रोज हजेरी लागते म्हणून काही शाळा आपली होत नाही. नववीतला एखादा मुलगा शेवटच्या घंटेपर्यंत वर्गात बसतो, पण आठवडाभरात त्याला नावाने हाक मारून कोणी काही विचारलेलं नसतं. 'ए, शेवटच्या बाकावरचा' हीच त्याची ओळख. उद्या तो आला नाही, तर कोणाच्या लक्षात येईल?

नववी हा तसाही नाजूक टप्पा. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत. अनेक गावांतली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. मग एसटीने मोठ्या गावच्या हायस्कूलला जायचं, तिथे वर्ग मोठा आणि प्रत्येक विषयाला वेगळे सर.

यावर काय करता येतं, याचा एक चांगला प्रयोग आपल्या देशातच झाला आहे. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' उपक्रम राबवला. भित्तिपत्रक, परिपाठाला चर्चा, स्पर्धा, मुलांचे गट, मन मोकळं करायला तक्रारपेटी, हवं तर एकट्याने बोलायची सोय. काही शाळांत हे काम शाळेतल्याच शिक्षकांकडे दिलं. काही शाळांत 'सेहर मित्र' नेमले. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. उरलेल्या शाळांत नेहमीचाच किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम चालला.

निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. मित्र असलेल्या शाळांत नववीच्या मुलांना शाळेतलं वातावरण खूपच चांगलं वाटू लागलं. उदासी, दादागिरी, मारामारी कमी झाली. आणि शिक्षकांनी तोच कार्यक्रम चालवला तिथे? जवळजवळ काहीच फरक नाही.

यात शिक्षकांना दोष द्यायचं कारण नाही, हे आम्ही आधीच सांगतो. तास, पेपर तपासणी, निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, यातून उरलेल्या वेळात ते ऐकणार किती? शिवाय जे सर गुण देतात, त्यांच्यापाशी 'सर, घरी भांडणं चालतात' असं मूल सहसा बोलत नाही. आम्हाला यातून दिसतं ते असं, की मुलांसाठी ठरवून वेळ असलेलं एक मोठं माणूस शाळेत लागतं. (स्नेहसंमेलनाने हे साधत नाही, तिथे स्टेजवर दरवर्षी तीच दहा मुलं असतात.)

असं स्वतंत्र माणूस नेमणं सगळ्या शाळांना परवडणार नाही, मान्य. मग निदान पेटीपासून सुरू करा. पण किल्ली कोणाकडे राहणार आणि ती कोणत्या वारी उघडणार, हे आधी ठरवा. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटल्याची चिठ्ठी निघाली, तर 'कडी शनिवारपर्यंत बसेल' असं परिपाठाला सांगा, आणि शनिवारी ती खरंच बसलेली असू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.