निष्क्रिय म्हणजे निरुपयोगी नव्हे

लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या तलावाकडे चढताना पायाखाली सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लागतो. हा खडक निष्क्रिय आहे का? मुलांना विचारले तर बहुतेक जण 'हो' म्हणतील. उत्तर तपासण्याआधी आपण शब्द तपासू.

'कृ' म्हणजे करणे. त्यावरून 'क्रिया'. 'निः' म्हणजे नसलेला. विसर्गाआधी इ किंवा उ आणि पुढे क, ख, प, फ आल्यास विसर्गाचा ष् होतो, म्हणून निः + क्रिया यांतून 'निष्क्रिय'. निष्पाप, दुष्काळ हे शब्दही याच नियमाने बनले.

अर्थ मात्र प्रसंगानुसार बदलतो. श्वेताश्वतर उपनिषदात परमतत्त्वाला हे विशेषण लावले आहे. तिथे तो गौरव आहे. आज एखाद्या समितीला निष्क्रिय म्हटले, तर ती तक्रार असते. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच: इतर पदार्थांशी सहजी संयोग न पावणारा.

हवेत सुमारे ०.९३ टक्के असलेला असा एक वायू रॅले आणि रॅम्झी यांनी १८९४ मध्ये ओळखला. त्याचे नाव अरगॉन. ग्रीकमध्ये 'अ' म्हणजे नाही, 'एर्गॉन' म्हणजे काम. म्हणजे 'निष्क्रिय'चेच ग्रीक रूप! त्या भाषेत या शब्दाचा अर्थ आळशी असाही होतो.

या आळशाचे काम तुंगार्लीच्या खडकासारख्या खडकांत दिसते. खडकातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो. त्यातल्या काही अणूंचे अतिशय संथपणे अरगॉनमध्ये रूपांतर होते. लाव्हा वितळलेला असताना अरगॉन कशाशीच जोडला जात नाही, म्हणून निसटून जातो. लाव्हा थिजल्यावर नवा तयार झालेला अरगॉन मात्र स्फटिकांत कोंडला जातो. जणू घड्याळ शून्यावर आणून सुरू केले! साठलेला अरगॉन आणि उरलेले पोटॅशियम मोजून खडकाचे वय काढता येते. दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, हे ठरवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे. तेव्हा गप्प दिसणाऱ्या खडकाच्या आतही क्रिया चालूच आहे.

या वायूंची निष्क्रियताही पूर्ण नाही. ते संयुगे बनवतच नाहीत, असे अनेक वर्षे शिकवले जाई. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी कॅनडात झेनॉनचे संयुग बनवले आणि ती समजूत मोडली. २००० मध्ये अतिशीत तापमानाला अरगॉनचेही संयुग मिळाले.

म्हणून वर्गात 'निष्क्रिय' हा शब्द आला की दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या क्रियेबाबत? आणि कोणत्या परिस्थितीत? मागच्या बाकावरच्या अबोल मुलाला तो शब्द लावण्याआधी हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावेत.