मागचा पडदा : सोनेरी महाल
वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी कैलास लेण्याच्या सान्निध्यात रंगायचा. पुढे तो शहरात, डोंगराच्या पायथ्याच्या सोनेरी महालासमोर आला. सतराव्या शतकातली ही वास्तूच मागचा पडदा होते, म्हणून नेपथ्य जितकं कमी तितकं उत्तम! कमानींवर खालून तिरका प्रकाश टाकला की त्यांची खोली उठून दिसते. समोरून झोत मारला तर तीच भिंत सपाट होते.

आवाजाचं काम अधिक अवघड. उघड्यावर छत-भिंतींची साथ नसते. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर लावले, तर त्यांना ३४ मीटरला साधारण १०० मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागतो. नाहीतर तबल्याची एकच थाप दोनदा ऐकू येते.