कोटा आणि कव्हर

सकाळी साडेनऊ. पाच कंदिलाजवळचं सेवा केंद्र उघडलं आणि पीकविम्याची रांग पायरीखाली गेली. जुलै संपत आलेला. आधी सातबारे, मग पीकपेरे.

साडेअकरा. साइट अडकली, म्हणून मागे बसलेल्या चाचांना पुढे बोलावलं. हजचा अर्ज. पासपोर्ट, रद्द केलेला चेक, सगळं पिशवीत नीट लावलेलं. वय पासष्टच्या पुढे, त्यामुळे सोबती हवाच, चाचीही जाणार. दोघांचं एकच कव्हर, म्हणजे एकत्र अर्ज.

बारा. "भाऊ, नंबर लागंल ना? जागा ठरवतं कोण?"

मी हातातलं काम थांबवून सांगितलं. 1988 मध्ये अम्मानला इस्लामी देशांचे परराष्ट्रमंत्री जमले आणि हजार मुस्लिमांमागे एक यात्रेकरू असं ठरलं. आदल्याच वर्षी मक्केत इराणी निदर्शक आणि सौदी पोलिसांची चकमक होऊन चारशेवर माणसं गेली होती. हा कोटा आपल्यालाच अडवायला आहे, असं इराणला वाटलं. तीन वर्षं त्यांचा एकही जथा गेला नाही. 1991 मध्ये दोन्ही सरकारांचं जुळलं, तेव्हा वाट उघडली. सौदीचे राजे फहद यांनी 1986 मध्येच 'दोन पवित्र मशिदींचे सेवक' ही पदवी घेतली होती. तेल अनेक देशांकडे आहे, पण मक्का-मदिना सौदीकडेच. इतर मुस्लिम देशांना त्यांचा शब्द झेलावा लागतो तो यामुळे.

तीन. पुन्हा पीकविमा.

पाच. चहा घेताना चाचांचा मुलगा म्हणाला, "म्हणजे सगळं वशिल्यावर?" नाही. सूत्र मला न्याय्य वाटतं. 2011 च्या जनगणनेत आपल्याकडे 17.22 कोटी मुस्लिम, 2025 चा कोटा 1,75,025, हिशेब जवळपास बसतो. मर्जी चालते ती वाढीव जागांत. 2023 मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष जोको विदोदो रियाधला जाऊन आले आणि पुढच्या हजसाठी त्यांच्या 2,21,000 जागांत 20,000 ची भर पडली. आपणही यातून वेगळे नाही: 2019 मध्ये ओसाकाला मोदी आणि सौदी युवराज भेटले, कोटा 1,70,000 वरून 2,00,000 झाला. आयुष्यभर पैसा साठवलेल्या म्हाताऱ्यांना त्या तीस हजार जागा मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त त्यांची पाळी दोन नेत्यांच्या भेटीवर अवलंबून राहू नये.

साडेसात. चाचींचा फोटो साइटने परत केला. मागचा पडदा निळा होता. पांढऱ्या पडद्यावरचा काढून उद्या दहापर्यंत आणा म्हटलं. बाकी अर्ज भरून ठेवलाय.