कॉम्प्युटर टीव्हीला जोडताय? आधी मागचे पोर्ट बघा, मग केबल घ्या

महाराष्ट्राबाहेर राहून मुलांना मराठी वाचायला लावायचे, तर पुस्तकांची शोधाशोध आलीच. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. त्यामुळे बेळगाव असो, म्हापसा असो की इंदूर, पुस्तक घरबसल्या हाताशी येते. अडचण येते ती वाचताना. मोबाईलच्या पडद्यावर पान बोटांनी सारखे मोठे करावे लागते आणि मुले कंटाळतात. अनेक घरांत जुना कॉम्प्युटर असतो, भिंतीवर मोठा टीव्हीही असतो. दोन्ही जोडले की नवीन काही घ्यायची गरज उरत नाही. मात्र घाईत भलतीच केबल आणली, तर पैसे पाण्यात जातात.

कोणता पोर्ट, कोणती केबल?

कॉम्प्युटरच्या आणि टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट असेल, तर काम सोपे. हा पोर्ट चपटा असून खालच्या बाजूला निमुळता असतो. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

जुन्या कॉम्प्युटरला बहुतेक वेळा व्हीजीए पोर्ट असतो. 15 छिद्रांचा, सहसा निळ्या रंगाचा. ही पद्धत 1987 मधली; तिच्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. टीव्हीलाही व्हीजीए पोर्ट असेल, तर साधी व्हीजीए केबल पुरते. आवाजासाठी हेडफोनच्या जॅकमधून वेगळी वायर टीव्हीला लावायची, किंवा कॉम्प्युटरचेच स्पीकर वापरायचे.

कन्व्हर्टर उलटा घेऊ नका

कॉम्प्युटरला व्हीजीए आणि टीव्हीला एचडीएमआय असेल, तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. नेमकी इथेच फसगत होते. बाजारात दोन प्रकार मिळतात: 'व्हीजीए टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू व्हीजीए'. दिसायला सारखे, पण एकाचे काम दुसरा करत नाही. सिग्नल कॉम्प्युटरकडून टीव्हीकडे जातो, म्हणून कॉम्प्युटरचा पोर्ट आधी बोलायचा. इथे 'व्हीजीए टू एचडीएमआय' मागायचा. त्याला वीज मिळावी म्हणून यूएसबी वायर आणि आवाजासाठी जॅक आहे ना, तेही बघून घ्यावे. दुकानात जाताना दोन्ही पोर्टचे फोटो मोबाईलमध्ये काढून न्यावेत, म्हणजे वाद उरत नाही.

जोडताना अर्थिंग सांभाळा

अर्थिंग नसलेल्या घरात कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तशा अवस्थेत चालू टीव्हीला केबल खुपसली, तर पोर्ट जळू शकतो. म्हणून दोन्ही बंद करून, प्लग काढून मगच केबल लावावी. दोन्हींचे प्लग शक्यतो अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर असावेत. झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलवावे.

चित्र, आवाज, कडा

आता दोन्ही सुरू करावेत. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून केबल लावलेला पोर्ट निवडावा. तरीही पडदा काळाच राहिला, तर कीबोर्डवर विंडोजचे बटण धरून 'पी' दाबावे आणि 'डुप्लिकेट' निवडावे. कॉम्प्युटरमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच लावावी. तिथेच अनेकदा घोडे अडते.

एचडीएमआयने जोडूनही आवाज येत नसेल, तर खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून टीव्हीचे नाव निवडावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर दोष केबलचा नसतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तशा नावाचा पर्याय निवडला की पूर्ण पान दिसते.

अक्षरे बारीक वाटली, तर टीव्हीच्या जवळ सरकण्याऐवजी कंट्रोल आणि अधिक चिन्हाचे बटण एकत्र दाबून पान मोठे करावे. मग धडा सगळ्यांना एकत्र बसून वाचता येतो, आणि अडलेला शब्द आजी-आजोबाही सांगू शकतात.