अंधेरीची उभी वाढ

1950 साली बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरीपर्यंत सरकली, तेव्हा रेल्वेच्या पश्चिम मार्गावर अंधेरी म्हणजे शहराचं टोकच होतं. 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा पट्टा पालिकेत आला नि अंधेरी मधोमध आली. मोकळी जमीन मात्र पुढेही बरीच वर्षं पुरली. पूर्वेला मरोळ, चकाला, कोंडिविट्याच्या बाजूला एमआयडीसी आली, 1973 मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र. पश्चिमेला डी. एन. नगरच्या वसाहती, चार बंगल्याची म्हाडा आणि त्यापलीकडे खाडीकडचं खाजण भरून उभं राहिलेलं लोखंडवाला.

आता भरायला खाजण नाही. उरलेल्या तिवरांना 2005 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे. त्यामुळे अंधेरीत आज ‘नवं घर’ म्हणजे बहुधा कुणाचं तरी पाडलेलं जुनं घर. सत्तर-ऐंशीच्या दशकातली तीन-चार मजली इमारत ‘रिडेव्हलपमेंटला जाते’, सभासद भाड्याच्या घरात जातात, आणि जागेवर टॉवर चढतो. किती चढायचा, हे पालिकेइतकंच विमानतळही ठरवतो; एका अंगाला सहार, दुसऱ्या अंगाला 1928 पासूनचं जुहू.

या व्यवहाराचं गणित सभासद सहसा नीट मांडत नाहीत. वाढीव कार्पेट एरिया, दरमहा भाडं, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी हे सगळं बिल्डर देतो खरं, पण स्वतःच्या खिशातून नव्हे. वरच्या मजल्यांवरचे फ्लॅट विकून तो पैसा येतो, म्हणजे जुन्या सभासदाचं ‘फुकट’ घर अनोळखी गिऱ्हाइकाच्या गृहकर्जावर उभं असतं. विक्री अडली की पहिल्यांदा थकतं ते भाडं. शेजारच्या गोरेगावात पुनर्विकास रखडल्याने पत्राचाळीची 672 कुटुंबं दशकाहून अधिक काळ घराबाहेर राहिली. अंधेरीच्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत हे नाव एकदा तरी निघायला हवं.

सरकारने सहकार कायद्याच्या कलम 79(अ) खाली 2009 मध्ये निर्देश काढले, 2019 मध्ये सुधारले: संमती 75 ऐवजी 51 टक्के, निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर बिल्डरची निवड, सभेचं चित्रीकरण, प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमी. वाचायला छान. पण हे निर्देश बंधनकारक नसून मार्गदर्शक आहेत, असं उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत म्हटलं आहे. ‘महारेरा’ या गृहप्रकल्प नियामकाचा आधारही मुख्यतः विक्रीच्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला, जुना सभासद बव्हंशी करारावरच अवलंबून. संमतीची अट सैल करताना हमीची अट कायद्यात पक्की करायला हवी होती. ती केली नाही, ही माझ्या मते या धोरणातली सर्वांत मोठी चूक.

आणि रस्ते? माणसं वाढली, गल्ल्या त्याच राहिल्या. मेट्रोने 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर जोडलं, हा मोठाच दिलासा. पण पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये अर्धा उघडला तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना! पूर्ण पूल सुरू व्हायला मे 2025 उजाडला. टॉवरला परवानगी देणारं आणि पूल बांधणारं खातं एकाच पालिकेचं आहे.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची नोटीस लागली, तर कार्पेट किती वाढणार हे नंतर विचारा. आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी, कुणाच्या नावावर आहे ते पाहा, आणि बँक हमी करारात लिहून हातात पडल्याशिवाय घर रिकामं करू नका.