लाल विंचवाचा दंश आणि प्राझोसिन : महाड परिसरातील औषधसंशोधनाचा एक आढावा

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कुडपणसारखी गावे तर डोंगराच्या कुशीत, वाहनमार्गापासून आडबाजूला आहेत. दगडी बांध, लाकूडफाटा, गवताच्या गंजी व कौलारू घरे ही लाल विंचवाची आश्रयस्थाने होत. अशा भागात दंश झालेला रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत जाणारा वेळ हाच त्याच्या जीविताचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या परिसरात केलेल्या संशोधनाचा आणि त्यातील औषधाच्या शरीरांतर्गत प्रवासाचा परामर्श घेतला आहे.

विषाची क्रिया

लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियम मार्गिका बंद होऊ देत नाही. परिणामी स्वायत्त चेतासंस्था अनियंत्रितपणे उद्दीपित होते. प्रारंभी उलट्या, दरदरून घाम व लाळ सुटणे ही लक्षणे दिसतात. पुढे ॲड्रिनलिनवर्गीय द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय थंड पडतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयावरील हा ताण असह्य झाला की फुफ्फुसात पाणी साचते. मृत्यूचे प्रमुख कारण हेच होय.

संशोधनाची वाटचाल

डॉ. बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. हृदयविकाराची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांविषयीचा त्यांचा निबंध 1982 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आरंभी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग केला. परंतु ते शिरेवाटे थेंबथेंब द्यावे लागते व रक्तदाबावर अखंड लक्ष ठेवावे लागते. ग्रामीण केंद्रास हे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन या गोळीकडे लक्ष वळविले. त्यासंबंधीचे निष्कर्ष 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रकाशित झाले. या कार्यात डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा मोलाचा सहभाग आहे.

औषधाचा शरीरातील प्रवास

प्राझोसिन हे अल्फा-1 ग्राहकांना रोखते. त्यामुळे आकुंचित रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरील भार हलका होतो. तोंडावाटे घेतलेल्या मात्रेपैकी बराच अंश रक्तात पोहोचतो व तेथे प्रथिनांशी बद्ध होतो. यकृतात त्याचे चयापचय होऊन अवशेष मुख्यत्वे पित्तावाटे बाहेर पडतात. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे 2 ते 3 तासांचे आहे. म्हणजे एका मात्रेचा प्रभाव लवकर ओसरतो, तर विषाचा अंमल मात्र टिकून असतो. वजनाच्या प्रतिकिलो 30 मायक्रोग्रॅम ही मात्रा प्रकृती सुधारेपर्यंत दर 3 तासांनी देण्यामागील सूत्र यावरून स्पष्ट होते. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकाएकी घसरू शकतो. म्हणून रुग्णास आडवे ठेवणे अगत्याचे ठरते.

मर्यादा व पुढील टप्पा

प्राझोसिन विषाचे परिणाम रोखते, विष निष्प्रभ करीत नाही. ते कार्य प्रतिविषाचे होय. महाड येथील 70 रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिविष व प्राझोसिन ही दोन्ही मिळालेल्या 35 रुग्णांपैकी 32 जण 10 तासांत पूर्ण बरे झाले; केवळ प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8 जण तेवढ्या अवधीत बरे झाले.

समारोप

2022 साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री सन्मान प्राप्त झाला. तथापि या संशोधनाचे खरे मोल स्वस्त व परिचित औषधास नवे प्रयोजन देण्यात आहे. मंत्रतंत्रात दवडलेला प्रत्येक तास विषास अनुकूल ठरतो. म्हणून दुर्गम वाडीपासून नजीकच्या आरोग्य केंद्रापर्यंत हे ज्ञान आणि ही गोळी वेळेत पोहोचणे, हीच या संशोधनाची खरी परिपूर्ती होय.